उरलेले एकोणतीस तास

पत्र कॅनडातल्या मिसिसॉगाहून आलं आहे, एका आईचं. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. ऑन्टारिओ प्रांतात शाळा संपल्याचा डिप्लोमा हातात पडायला विषयांच्या बरोबरीने ४० तासांची समाजसेवाही पूर्ण करावी लागते. चार वर्षं हाताशी होती; मुलाचे भरलेत ११ तास. आता मार्च उजाडलाय, जूनअखेर शाळा संपेल, आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश डिप्लोमाच्या अटीवर मिळालेला आहे. मुलाचं म्हणणं : "करायलाच लावता, तर मग त्याला सेवा कशाला म्हणता? हे ढोंग आहे, मी नाही करणार." वडिलांचं म्हणणं : "एक कागद तर भरायचाय. मंडळातले काका सही देतील. गणपतीत दोन वर्षं राबलाय तो." आईंना दोन्ही पटत नाही. त्या स्वतः साताऱ्याकडच्या कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेल्या होत्या. "आम्ही मनापासून केलं, तास मोजत बसलो नाही," असं त्या लिहितात. पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक गोष्ट आली आहे. शेजारी एक पोर्तुगीज आजोबा एकटे राहतात. त्यांच्या दारातला बर्फ हा मुलगा दोन हिवाळे आपणहून काढतोय. "त्याचेच तास लिहून घे ना," म्हटलं की चिडतो. आईंचा प्रश्न असा : सही घ्यावी, की मुलाच्या तत्त्वाचा मान ठेवावा? आणि आमचे संस्कार नेमके कुठे कमी पडले?

नमस्कार.

सही घेऊ नका. इथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातला एवढाच भाग घाईचा आहे आणि एवढाच सोपा आहे.

तो कागद एकदा समोर घेऊन बसा. त्यावर मुलाची सही लागते, ज्यांच्या देखरेखीखाली काम झालं त्यांची लागते, आणि मुलगा अठराच्या आत असेल तर आई किंवा वडील यांचीही लागते. म्हणजे "काका सही देतील" म्हणून विषय मिटत नाही. त्यांच्या सहीशेजारी तुम्हा दोघांपैकी एकाची सही येणार. मुलगा आधीच या सगळ्याला ढोंग म्हणतोय. न केलेल्या तासांवर घरातल्या मोठ्या माणसाने त्याच्या डोळ्यांदेखत सही केली, की त्याचं म्हणणं तुम्हीच खरं करून दाखवलंत. पुन्हा या विषयावर त्याच्याशी बोलायला तोंड राहणार नाही.

काकांचाही विचार करा. मंडळ चालवणारी माणसं नोकरी-घर सांभाळून हॉल बुक करतात, जेवणाची ऑर्डर देतात, वर्गणीसाठी चारचौघांची बोलणी खातात. जवळच्या घरातून असा शब्द आला तर त्यांना नाही म्हणणं फार जड जातं. आणि एकाला हो म्हटलं की पुढच्या वर्षी आणखी चार घरांतून फोन येतात. शाळेने कधी खरंच फोन करून चौकशी केली, तर खाली मान घालून उत्तर द्यायचं ते त्यांनी. परदेशात मंडळाची पत हीच त्याची पुंजी असते. आपल्या एका मुलाच्या २९ तासांसाठी तिला हात लावू नये, असं मला वाटतं.

पण तुमच्या यजमानांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, ती तशीच सोडू नका. "दोन वर्षं राबलाय" म्हणजे काय केलंय? खुर्च्या मांडल्या, आवरल्या, पंगतीत वाढलं, हॉल झाडला, पार्किंगमध्ये उभा राहिला, असं असेल तर ते काम झालेलं आहे आणि बिनपैशांचं झालेलं आहे. मुलाला बसवून त्या दिवशी किती वाजता गेला, किती वाजता निघाला, मधे किती वेळ मित्रांबरोबर बाहेर होता, हे प्रामाणिकपणे आठवायला सांगा. जे सहा किंवा सात तास निघतील तेवढेच काकांकडे मागा. तेवढ्यावर ते आनंदाने सही करतील. मात्र आरतीला उभं राहणं, नाचात भाग घेणं, ढोल वाजवणं हे त्यात घालू नका. आणि सही घेण्याआधी शाळेच्या गाइडन्स ऑफिसात विचारून घ्या की या मंडळाचं काम त्यांच्या यादीत बसतं का. तिथे शाळा चालवणारी स्थानिक बोर्डं असतात आणि बोर्डाबोर्डाच्या यादीत फरक असतो. ठोकळ नियम असे की घरातली रोजची कामं धरत नाहीत, ज्या कामाला एरवी पगारी माणूस ठेवतात ते धरत नाहीत, आणि वर्ग चालू असतानाचा वेळ धरत नाहीत. त्यामुळे "माझ्या मित्राच्या दुकानात चार शनिवार बसव" हा जो पर्याय तुमच्या घरात पुढेमागे निघेलच, तो आत्ताच बाद.

आता मुलाच्या तत्त्वाकडे. ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याच्याआधी हा प्रश्न थेट कोर्टापर्यंत गेलेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम नावाच्या गावच्या शाळांनी १९९० मध्ये ६० तासांच्या सेवेची अट घातली. काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा असा, की अमेरिकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती गुलामगिरी आणि वेठबिगार बंद करते. मग शाळेने फुकट राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारच. १९९३ मध्ये अपील कोर्टाने हे मान्य केलं नाही. ही शिक्षणाचा भाग म्हणून घातलेली अट आहे, तिला गुलामगिरीच्या पंगतीला बसवता येणार नाही, असा एकूण सूर होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या अशाच दोन खटल्यांत तेच झालं. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. त्याला हरवायला नाही, तर त्याचा विचार एकट्याचा आणि खुळचट नाही हे कळावं म्हणून. सतरा वर्षांच्या पोराला आपला मुद्दा कुणीतरी गंभीरपणे घेतला एवढ्यानेच अर्धा राग उतरतो.

आणि मग त्याला एक साधा प्रश्न विचारा. नियम तुझ्याकडे नेमकं काय मागतो? तास मागतो. तुला उमाळा यावा, तू निबंधात "या अनुभवाने माझं आयुष्य बदललं" असं लिहावंस, हे कुणीही मागितलेलं नाही. ऑन्टारिओच्या कागदावर मनाच्या अवस्थेचा रकाना नाही. उमाळ्याचं सोंग आणायला लावलं असतं तर ते ढोंग झालं असतं. कंटाळत जाऊन, डबे रचून, वेळ झाल्यावर घरी येणं यात ढोंग कुठलं? त्याला इंग्रजीचा पेपरही मनापासून द्यावासा वाटला नसेल, दिलाच की.

तत्त्वाचाच प्रश्न असेल तर त्याची किंमत मोजायची तयारीही लागते. अट अन्यायाची आहे असं ठाम वाटत असेल तर त्याने तसं मुख्याध्यापकांना लिहावं, बोर्डाच्या प्रतिनिधींना लिहावं, आणि डिप्लोमा लांबला तर लांबू द्यावा. तेही मी मानाने बघेन. पण तत्त्व मुलाचं आणि सही काकांची, असं दोन्ही जमत नाही. तुमच्या पत्रावरून मला अशी शंका येते की बारावीच्या अभ्यासात तास राहून गेले, आणि राहिल्यावर तत्त्व सापडलं. यात गैर काही नाही, आपण सगळेच असं करतो. पण तुम्ही त्याला तत्त्व समजून हात जोडण्याआधी त्याला एकदा खेळीमेळीत विचारून बघा.

आता थोडं तुमच्याबद्दल. "आम्ही मनापासून केलं, तास मोजत बसलो नाही," हे वाक्य वाचून मी जरा हसले. मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं आणि त्यातली काही वर्षं याच राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. तुम्ही तास मोजले नाहीत, कारण ते मोजायला माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं होतं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा हिशेब आहे. हजेरीपट असतो, प्रत्येक उपक्रमाची नोंद असते, शेवटी प्रमाणपत्र. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत त्यावर वाढीव गुणही मिळत आले आहेत. नाव नोंदवणं ऐच्छिक होतं हे खरं, पण नोंदवलेल्यांपैकी कितीजण गुणांसाठी आलेत हे पहिल्या संध्याकाळीच कळायचं.

एका शिबिरात आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणायच्या, माती-वाळू भरायची, सुतळीने तोंड शिवायचं आणि विटांसारखा सांधा मोडत एकावर एक रचत जायचं. एक मुलगा आल्या दिवसापासून सांगत होता, "मॅडम, मी मार्कांसाठी आलोय." सातही दिवस तो तेच सांगत राहिला. पण गोणी पाऊण भरायची, गच्च भरली तर ती रचताना बसत नाही, मधे फट राहते आणि पाणी तिथूनच जातं, हे त्याने पहिल्या सकाळीच हेरलं होतं. मग हौशीने गोण्या ठासून भरणाऱ्या दोन-तीन पोरांच्या गोण्या तो शिव्या घालत उपसायला लावायचा. शिबिर संपलं, त्याने प्रमाणपत्र घेतलं, पुढच्या वर्षी नाव घातलं नाही. त्याचं मतपरिवर्तन वगैरे काही झालं नाही. बंधाऱ्याला त्याचा काही फरक पडला नाही.

म्हणून "मनापासून केलं तरच ती सेवा" हे तुमच्या घरात तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघेही धरून बसलेलं गृहीतक मला फारसं पटत नाही. गंमत अशी की तुमचं दोघांचं या बाबतीत एकमतच आहे. तुम्ही म्हणता, त्याने मनापासून करावं. तो म्हणतो, मनापासून होत नाही म्हणून करणार नाही. मदत घेणाऱ्याच्या बाजूने कुणीच बघत नाहीये. फूड बँकेतून पिशवी घेऊन जाणाऱ्या बाईला ती पिशवी कुणी आनंदाने भरली की कंटाळत, याच्याशी देणंघेणं नसतं. डब्याची तारीख उलटलेली नाही ना, तो शिवणीवर चेपलेला नाही ना, बाळाच्या दुधाची पावडर चुकून दुसऱ्या खोक्यात गेली नाही ना, याच्याशी मात्र असतं.

याचा अर्थ सक्ती फार फलदायी आहे असं मी म्हणत नाही. ही अट ऑन्टारिओत आली १९९९ मध्ये, माइक हॅरिस यांच्या सरकारच्या काळात, नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाबरोबर. त्याआधी विद्यापीठात जाणारी मुलं तिथे पाच वर्षं शिकायची. त्यामुळे २००३ मध्ये जुन्या पद्धतीची शेवटची आणि नव्या पद्धतीची पहिली अशा दोन तुकड्या एकदमच शाळेबाहेर पडल्या. नव्या तुकडीला सेवेची अट होती, जुन्या तुकडीला नव्हती. संशोधकांना असा योग वारंवार मिळत नाही. त्यांनी दोन्ही तुकड्यांतल्या मुलांची तुलना केली तेव्हा नुसत्या सक्तीने मुलं पुढे जास्त समाजाभिमुख झाली किंवा बिघडली असं काही ठळक दिसलं नाही. फरक पडत होता तो काम कसलं मिळालं, अनुभव चांगला होता का आणि एकाच जागी टिकून केलं का, याने. मेरीलँड हे अशी अट राज्यभर लावणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. १९९२ मध्ये नियम झाला आणि १९९७ च्या तुकडीपासून ७५ तास लागू झाले. तिथल्या आकड्यांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की आठवीतली मुलं जास्त सेवा करू लागली आणि बारावीतली कमी. तास लवकर उरकायचे आणि मोकळं व्हायचं, असा त्याचा एक सरळ अर्थ लागतो. तेव्हा तुमचा मुलगा सरकारच्या हेतूवर शंका घेत असेल तर ती अगदीच बिनबुडाची नाही. कोविडच्या काळात तर सरकारनेच ४० चे २० तास केले होते. म्हणजे हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही.

यावर माझं मत विचाराल तर, शाळांनी तास लावावेत, पण जागा शोधून देण्याची अर्धी जबाबदारीही घ्यावी. आज ती बहुतेक ठिकाणी पूर्णपणे घरावर टाकलेली आहे. ज्या घरात गाडी आहे, ओळखी आहेत, मंडळ आहे, तिथल्या मुलांचे तास हसतखेळत भरतात. ज्या मुलाला संध्याकाळी कॉफीच्या दुकानात काम करून घराला हातभार लावायचा असतो, त्याला तेच ४० तास पर्वतासारखे. तुमच्या मुलाला सक्तीबद्दल भांडायचंच असेल तर या बाजूने भांडायला खूप जागा आहे. पण ते तास भरल्यावर.

आता बर्फ. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही ताजा कलम असल्यासारखी शेवटी टाकली आहे.

नियमाने बघितलं तर वृद्ध शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढणं हे अनेक बोर्डांच्या यादीत बसतं. त्या आजोबांकडून सही घेतली तर बरेच तास एका दिवसात भरतील. तरीही ते करायला लावू नका. तो का चिडतो हे मला समजतं. सकाळी अंधारात उठून त्याने ज्यांच्या पायऱ्या मोकळ्या केल्या, त्यांच्यासमोर आता कागद धरायचा म्हणजे दोन हिवाळ्यांचं बिल दिल्यासारखं होईल. आजोबांना वाटेल, अच्छा, यासाठी येत होता तर. ते काम त्याने कुणाला न दाखवता केलंय आणि तसंच ठेवायचंय. ते त्याचं. कागदासाठी दुसरं काम करू दे. त्याला असं स्पष्ट सांगा : "बर्फाचं तुझं तू बघ, आम्ही पुन्हा विचारणार नाही. शाळेचे तास वेगळे, ते आपण उरकून टाकू." माझा अंदाज असा की त्याचा निम्मा विरोध या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत करता म्हणून आहे.

आणि संस्कारांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं, त्यामुळे त्यावर वेगळं लिहीत नाही. एवढं मात्र म्हणेन. ४० तास म्हणजे वर्षाला १०. नववीत, दहावीत, अकरावीत या तासांची चौकशी घरात किती वेळा झाली? गणिताच्या मार्कांची किती वेळा झाली? मुलांना आपण काय विचारतो त्यावरून काय महत्त्वाचं ते कळतं. दोष द्यायला म्हणून हे लिहीत नाही. तुम्हाला धाकटं मूल असेल तर उपयोगी पडेल. ऑन्टारिओत नववी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यापासून तास धरतात. तो उन्हाळा मोकळा असतो, परीक्षा नसतात, आणि त्या वयात मुलं मित्राबरोबर कुठेही जायला तयार असतात.

आता हिशेब. मंडळाचे खरे तास धरले गेले तर उरतील बावीस-तेवीस, नाही धरले तर २९. आपण २९ धरू. मार्चमध्ये तुमच्याकडे आठवडाभराची सुट्टी असते. त्या आठवड्यात तीन-तीन तासांच्या चार पाळ्या केल्या तर १२ झाले. नंतर सहा शनिवार तीन तास, म्हणजे १८. एप्रिल संपता संपता विषय संपतो, आणि अंतिम परीक्षांच्या आधी महिना-दीड महिना मोकळा राहतो. "वेळच नाही" हे त्याचं किंवा तुमचं म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

काम निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली, ते लगेच सुरू करता येईल का. इस्पितळं आणि वृद्धाश्रम ही नावं सगळ्यांच्या तोंडी आधी येतात, पण तिथे अर्ज, मुलाखत, लसींचे दाखले, क्षयाची चाचणी यात आठवडे जातात. काही ठिकाणी ठरावीक महिन्यांची हमी मागतात. नववीतल्या मुलासाठी उत्तम, मार्चमधल्या बारावीच्या मुलासाठी नाही. फूड बँकांच्या गोदामात पाळी ऑनलाइन नोंदवता येते, वयाची अट बघून घ्या. एप्रिलमध्ये वसुंधरा दिनाच्या सुमारास, म्हणजे २२ तारखेच्या आगेमागे, नगरपालिका आणि संस्था बागा आणि ओढ्याकाठचा कचरा गोळा करायला माणसं बोलावतात. वाचनालयांत लहान मुलांबरोबर वाचायला किंवा गणितात मदत करायला मोठी मुलं लागतात; तुमचा मुलगा गणितात बरा दिसतो, तिथे आधी विचारा. तुमच्या भागातल्या गुरुद्वारात लंगरची भांडी घासायला हात नेहमीच कमी पडतात, पण धार्मिक स्थळांतलं काम यादीत बसतं का हे शाळेला आधी विचारा. कुठेही जायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. काम करून आल्यावर "हे धरत नाही" असं ऐकावं लागलं तर तुमच्या मुलाच्या हाती आयतं कोलीत मिळेल.

दुसरी गोष्ट, शक्यतो सगळे तास एकाच जागी करा. चार ठिकाणी सात-सात तास करण्यापेक्षा एका जागी २९ तास केलेले बरे. तिसऱ्या पाळीला नाव माहीत होतं, चौथ्या पाळीला किल्ली कुठे ठेवतात ते कळतं, पाचव्या पाळीला नव्या मुलाला दाखवायला सांगतात. त्यानंतर त्या माणसाला काम आवडलंय की नाही हा प्रश्न मागे पडतो. न गेलं तर कुणाची तरी अडचण होते, एवढं उरतं. ऑन्टारिओच्या त्या तुलनेत जे दिसलं तेही याला धरूनच आहे. आणि प्रत्येक पाळी संपली की त्याच दिवशी सही घ्यायची. मे महिन्यात सगळ्या सह्या गोळा करायला निघालेली मुलं मी ऐकून आहे. तोवर देखरेख करणारी व्यक्ती नोकरी सोडून गेलेली असते.

त्याला फोन तुम्ही लावून देऊ नका. जागा शोधणं, ईमेल करणं, बसचा मार्ग बघणं हे त्याचं. तुमच्याकडे गाडी असली तरी पहिल्यांदा बसनेच जाऊ दे. पुढच्या सप्टेंबरात तो वसतिगृहात असेल, तेव्हा हेच सगळं एकट्याने करायचं आहे.

असाच प्रश्न इकडच्याही पालकांकडून अधूनमधून येतो, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडे आयसीएसईच्या शाळांत समाजोपयोगी उत्पादक कार्य आणि समाजसेवा हा भाग अजून आहे, सीबीएसईनेही नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या तासांत समाजकार्याचा प्रकल्प जोडला आहे. प्रत्यक्षात कित्येक घरांत ती फाइल आई रात्री जागून करते, फोटो नेटवरून काढते आणि मूल झोपलेलं असतं. त्या आयांना माझं सांगणं, फाइल कोरी जाऊ द्या. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांनी ठरावीक तास मोजण्याची पद्धत सोडून अठरा महिन्यांचं सातत्य आणि मुलाने स्वतः लिहिलेल्या नोंदी यावर भर दिला, पण तिथेही एका दिवसात अनाथाश्रमात केक कापून फोटो काढणं चालतंच. तिथल्या मुलांना नवे चेहरे दर शनिवारी येऊन टाळ्या वाजवून गेल्याचा उबग येतो, हे कुणी विचारात घेत नाही. एका दिवसाचंच काम करायचं असेल तर ते माणसांशी संबंध नसलेलं निवडा : झाडांची आळी करा, ग्रंथालयाची पुस्तकं पुसून लावा. माणसांत जायचं असेल तर पुन्हा पुन्हा जायची तयारी हवी.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्याशी हा विषय मुलासमोर काढू नका. "तुम्ही खोटं करायला निघालात" असं म्हटलं की ते अडून बसतील. त्यांना काळजी प्रवेशाची आहे आणि ती रास्त आहे. त्यांच्यासमोर वरचं वेळापत्रक ठेवा, एप्रिलअखेर काम होतंय हे दाखवा. सहीचा विषय आपोआप गळून पडेल. काकांच्या कानावर आधीच घातलं गेलं असेल तर एक फोन तुम्हीच करा : "त्याचे गणपतीतले जेवढे तास खरे निघतील तेवढ्याचंच पत्र द्या, बाकीचं तो दुसरीकडे करतोय." त्यांना हायसं वाटेल.

आणि समजा, एवढं करूनही मे उजाडेपर्यंत तास पुरे झाले नाहीत, तर लपवू नका. गाइडन्स ऑफिसात मुलाने स्वतः जाऊन किती झाले, किती राहिले ते सांगावं. शेवटची तारीख शाळेगणिक वेगळी असते, ती आत्ताच विचारून फ्रिजवर लावून ठेवा. तास उन्हाळ्यात पूर्ण करता येतात, पण डिप्लोमा तेवढा लांबतो. तसं झालं तर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला कळवावं लागेल आणि ते काय म्हणतील हे त्यांच्या अटींवर अवलंबून आहे. तो ईमेलही त्यानेच लिहायचा.